आठवीची शाळा
(बी. ए. द्वितीय वर्ष)

सातवी पास झालेल्या मुलाला पुढे कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न शहरातील सुशिक्षित घरांत पडतो तेव्हा त्याची चर्चा होते. आमच्यासारख्या घरांत पडतो तेव्हा तो शेजाऱ्याला विचारून सोडवला जातो. शेजाऱ्याचा मुलगा ज्या गाडीत बसतो, त्याच गाडीत आपला बसवायचा. गेल्या वर्षी होळीच्या सुट्टीत मी वसतिगृहातून गावी गेले, तेव्हा आमच्याही घरी हा प्रश्न येऊन ठेपला होता. धाकटा भाऊ सातवीत होता आणि गावातील जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. रात्री जेवणे झाल्यावर अण्णा म्हणाले, "बाई, घरात तूच शिकलेली. पोराला कुठं घालायचं ते तूच सांग."

ऐकून प्रथम मोठे झाल्यासारखे वाटले, मग भीती वाटली. अण्णांना सही करता येते, मायला तेवढीही येत नाही. मी जे बोलेन ते होणार होते. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच. त्यांनाही कधी ना कधी धाकट्या भावंडांसाठी पालक व्हावे लागेल. त्या वेळी काय पाहावे, कोणाला काय विचारावे, हे मला सुचले तसे आणि चुकले तसे येथे मांडते.

एक गोष्ट आधीच कबूल करते. या निवाड्यात मी तिऱ्हाईत नव्हते. समोर दोन शाळा होत्या. एक, चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावातली जिल्हा परिषद प्रशाला, जिथे मी स्वतः आठवी ते दहावी शिकले. दुसरी, सतरा किलोमीटरवर तालुक्याच्या गावी निघालेली इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा. तिची वर्षाची फी बावीस हजार. गाडीचे महिना नऊशेप्रमाणे दहा महिन्यांचे नऊ हजार. पुस्तके, दोन तऱ्हेचे गणवेश, दोन तऱ्हेचे बूट मिळून साडेपाच हजार. म्हणजे वर्षाला साडेछत्तीस हजार आणि दहावीपर्यंत एक लाखाच्या वर. अण्णांजवळ कापसाचे चाळीस हजार होते आणि माझी खानावळही त्यातूनच भागत होती. इंग्रजी शाळा चांगली आहे असे मी म्हटले, तर माझे तिसरे वर्ष अवघड होणार. वाईट आहे म्हटले, तर बहिणीने स्वतःसाठी भावाला मागे ठेवले असे उद्या कोणीही म्हणू शकेल; कोणी न म्हटले तरी मला वाटत राहील. म्हणून ठरवले की आपले मत बाजूला ठेवायचे आणि शाळाच नीट पाहायची.

प्रशाला हा शब्द आमच्या मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना जरा परका वाटेल. पश्चिम महाराष्ट्रात खेड्यातली माध्यमिक शाळा बहुधा एखाद्या संस्थेची असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेली रयत शिक्षण संस्था हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. आमच्याकडे निजामाच्या राज्यात हायस्कुले बहुतेक सरकारची, आणि तीही थोडी. १९४८ साली ते राज्य गेले. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा या सरकारी शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्यामुळे आमच्याकडे गोरगरिबांच्या मुलांना दहावीपर्यंत सरकारी शाळेत शिकता येते, ही सोय थोडीथोडकी नव्हे. पण सोय आहे म्हणून ती चांगलीच आहे असे ठरत नाही.

आमच्या शेजारच्या काकांनी एक तोड सुचवली होती. शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्क्यांत इंग्रजी शाळेत फुकट जागा मिळते, तिथे अर्ज करा म्हणाले. गावात पुष्कळांची अशीच समजूत आहे. २००९ च्या कायद्यात त्या राखीव जागा आहेत हे खरे. परंतु त्या शाळेच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे पहिलीला किंवा त्याआधीच्या वर्गाला. आठवीत नवीन जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. उलट एक नुकसान मात्र आहे, आणि ते त्या शाळेच्या माहितीपत्रकात कोणी छापत नाही. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी बारा हजार रुपये मिळतात. ही परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. विनाअनुदानित शाळेत गेलेला मुलगा कितीही गरीब असला तरी तिला बसू शकत नाही. निवड होईलच असे नाही, मान्य. पण दारच बंद करून घेण्याआधी ते दार आहे, हे तरी माहीत हवे. आठवीपर्यंतची मोफत पुस्तके आणि दुपारचे जेवण यांचेही तेच. ते प्रशालेत मिळते, त्या शाळेत नाही.

आम्ही आधी इंग्रजी शाळा पाहायला गेलो. मी, अण्णा आणि धाकटा. इमारत नवी, फाटकावर रखवालदार, आत सोफा. संगणकाची खोली दाखवली. संगणकांवर प्लास्टिकची आवरणे होती आणि आवरणांवर धूळ. धाकट्याला एका खोलीत नेऊन इंग्रजीचा पेपर दिला. मग आम्हाला बोलावले आणि बाईंनी अण्णांना विचारले, "आपलं शिक्षण किती?" अण्णा माझ्याकडे पाहू लागले. रानात कोणापुढे न वाकणारा माणूस मी पहिल्यांदाच असा पाहिला. मी म्हटले, "मी बी. ए. करते आहे, घरी अभ्यास मी घेईन." तेवढ्यावर ते निभावले. नंतर वसतिगृहावर आल्यावर ग्रंथालयातून कायद्याचे पुस्तक काढून वाचले. आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची कोणत्याही प्रकारे चाळणी लावणे त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने मना आहे, आणि पहिल्याच वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. त्या दिवशी हे माहीत असते तर काय बोलले असते कोणास ठाऊक. बहुधा काहीच नाही. पण निदान मान खाली गेली नसती.

अण्णांना शाळेतले कळत नाही, असे मी धरून चालले होते. परंतु बैल पारखण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नाही. बाजारात ते शिंगांना लावलेला रंग पाहत नाहीत. दात पाहतात, चार पावले चालवून पाहतात आणि शेवटी विचारतात, "आधीच्या मालकाकडं किती दिवस होता?" प्रशाला पाहायला गेलो त्या दिवशी ते फाटकातून आतच आले नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर बसले आणि टपरीवाल्याला विचारू लागले, "मास्तरांच्या गाड्या किती वाजता लागतात?" टपरीवाला रोज पाहणारा माणूस. त्याने सांगितले, सहापैकी चौघे घंटेच्या आधी येतात. एकाला उशीर होतो. एकाचे काही खरे नाही. ही माहिती मला मुख्याध्यापकांकडून तासभर बोलूनही मिळाली नसती. मग अण्णांनी आपला शेवटचा प्रश्न विचारला, की हे मास्तर इथे किती वर्षे आहेत. तोच प्रश्न मी नंतर इंग्रजी शाळेच्या गाडीतून जाणाऱ्या मुलांना विचारला. त्यांच्या वर्गाला दोन वर्षांत गणिताला तिसरे सर आले होते.

प्रशालेत मात्र गणिताला सरच नव्हते. असलेले दिवाळीत बदलून गेले, जागा रिकामी. सहावी ते आठवीच्या वर्गांना दर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा आणि त्यात गणित-विज्ञान, भाषा व सामाजिक शास्त्रे यांना निदान एकेक तरी हवाच, असे कायदा म्हणतो. कायदा म्हणतो आणि वर्गात भूगोलाचे सर गणिताचा तास घेतात. मुख्याध्यापकांनी हे लपवले नाही, एवढे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. आम्ही गेलो तेव्हा ते खिचडीच्या पातेल्याजवळ उभे होते. हात धुऊन आले, धाकट्याला विचारले, "पोहता येतं का रे?" आणि मग मला म्हणाले, "गणिताचं मी तुला खोटं सांगणार नाही."

कोणत्याही शाळेत गेलात तर शंभर टक्के निकालाचा फलक दिसतो. या फलकाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तो मी आतून पाहिला आहे. २०२२ साली मी दहावी झाले. आमच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला. पेढे वाटले, फलक लागला, माझेही नाव त्यावर होते. पण नववीत आम्ही एक्केचाळीस होतो आणि दहावीला बसलो बत्तीस. उरलेले नऊ कुठे गेले? तीन मुलींची लग्ने झाली. चार मुले कामाला लागली, त्यांतली दोन आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. आणि दोघांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितले गेले. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेबाहेर राहून खासगीरीत्या दहावीला बसण्याचा अर्ज. ज्यांची शाळा काही कारणाने सुटली, त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे. पण जो मुलगा वर्गात बसला आहे, फक्त कच्चा आहे, त्याला तो फॉर्म हातात देणे म्हणजे निकालासाठी त्याला वर्गाबाहेर काढणे. त्या दोघांपैकी एक माझ्या शेजारच्या बाकावर बसत असे. तो पुन्हा परीक्षेला बसलाच नाही.

म्हणून निकाल किती टक्के लागला हे विचारू नये. मागच्या वर्षी नववीच्या हजेरीपटावर किती नावे होती आणि यंदा दहावीला त्यांतली किती बसली, हे विचारावे. हा प्रश्न मी दोन्हीकडे विचारला. इंग्रजी शाळेतल्या बाई म्हणाल्या की अशी माहिती देता येत नाही. प्रशालेच्या मुख्याध्यापकांनी हजेरीपट पुढे केला. अडतीस आणि तेहतीस. पाचांपैकी दोन गाव सोडून गेलेले. तीनच्या घरी जाऊन आलो, असे ते म्हणाले. आमच्या वेळेपेक्षा बरे. मी त्या तिघांपैकी एकीच्या घरी जाऊन आले. सर खरेच आले होते, दोनदा. मुलगी तरी शाळेत परतली नाही.

शाळा न आलेल्या मुलाचे काय करते, हीच माझ्या मते तिची खरी परीक्षा. हे मला सुचले त्यालाही कारण आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी आठवीत होते. नववीचे वर्ष मोबाईलवर सुरू झाले आणि आमच्या घरी एकच साधा बटणांचा फोन. तीन महिने मी शाळेत नव्हते म्हटले तरी चालेल. एक दिवस आमचे मराठीचे सर मोटारसायकलवरून आले, मारुतीच्या पारावर बसले आणि ज्यांच्याकडे फोन नाही अशा सात जणांना बोलावून घेतले. पुढे दर गुरुवारी ते येत. मी आज मराठी विषय घेऊन बी. ए. करते आहे, त्याचे मूळ त्या पारावर आहे. मात्र गणिताचे कोणी आले नाही, हेही तितकेच खरे.

वाचन-गणिताचीही थोडी चाचपणी केली. ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ नावाची ग्रामीण पाहणी २००५ पासून निघते. तीत मुलांना दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला देतात आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतात. तेच मी प्रशालेच्या पाच आणि इंग्रजी शाळेच्या तीन मुलांना करायला लावले. आठ पोरांवरून काही सिद्ध होत नाही हे मला समजते. तरी पाहिले ते असे: प्रशालेच्या पाचही मुलांनी उतारा वाचला, पण दोघांना भागाकार आला नाही. इंग्रजी शाळेच्या तिघांनाही भागाकार आला. मग त्यांनी आपल्या पुस्तकातला विज्ञानाचा धडा इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवला. त्यात काय सांगितले आहे असे विचारल्यावर एकानेच सांगितले, तेही मराठीत. बाकी दोघे हसू लागले. त्यांच्या हसण्यात लाज होती. मला ती ओळखीची वाटली.

कारण इंग्रजीची भीती मलाही आहे, आणि अण्णांचे इंग्रजी शाळेवर मन जाण्याचे खरे कारण मीच आहे. दहावीला मला एकाहत्तर टक्के होते. विज्ञान शाखेला जायचे मनात होते. अकरावीची पुस्तके हातात घेतली, सगळी इंग्रजीत. दोन दिवस पाहिली आणि कला शाखेचा फॉर्म भरला. कला शाखेचा पश्चात्ताप आहे असे नाही. परंतु मी ती निवडली नव्हती, दुसरीपासून पळाले होते. "तुझं जे झालं ते पोराचं नको," असे अण्णा एकदाच म्हणाले. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यामुळे ‘मातृभाषेतून शिक्षण’ हा विषय निबंधात लिहिणे सोपे असले तरी घरात बोलणे सोपे नाही.

मात्र सात वर्षे मराठीत शिकलेल्या मुलाला आठवीत एकदम सगळे विषय इंग्रजीत देणे, यात एक धोका आहे. २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. तीत आणि नंतरच्या फेरपरीक्षेतही नापास झाला तर मूल त्याच वर्गात राहते. भाषा बदलायची आणि परीक्षाही त्याच वर्षी. दोहोंच्या मधली वाट म्हणजे सेमी इंग्रजी: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सारे मराठीतून. माझ्या वेळी प्रशालेत हा वर्ग नव्हता, आता आठवीपासून आहे. अकरावीच्या पुस्तकांची धास्ती तीन वर्षे आधीच थोडी थोडी मोडावी, हा त्यातला हिशेब. पण त्यालाही गणिताचे सर लागतातच!

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट लिहायची राहिली. धाकटा मुलगा असल्याने अण्णांना ती सुचली नाही, मला सुचली. मुलींचे स्वच्छतागृह आहे का, एवढे पाहून परत फिरू नये. आत जावे, कडी लागते का पाहावे, पाणी आहे का पाहावे आणि त्याची किल्ली कोणाकडे असते हे विचारावे. आमच्या वेळी किल्ली शिपाईमामांकडे असे. त्यांच्याकडे मागायला लाज वाटे, म्हणून आम्ही मुली सकाळपासून पाणीच पीत नसू. आता कुलूप नाही, पण एका दाराची कडी तुटलेली आहे. दिसायला ही बाब किरकोळ. पण मुली महिन्यातले चार दिवस घरी का राहतात, याचे उत्तर कित्येकदा त्या कडीतच असते.

मे महिन्यात निर्णय झाला. धाकट्याला प्रशालेच्या सेमी वर्गात घालायचे ठरले. शेवटचे पारडे कशाने झुकले असे विचाराल, तर त्या हजेरीपटाने. ज्यांनी विचारल्यावर हजेरीपट पुढे केला त्यांच्याशी भांडता तरी येईल, असे मला वाटले. सोफ्यावर बसवून माहिती देता येत नाही म्हणणाऱ्यांशी काय भांडणार? धाकटा दोन दिवस रुसला. गाडीतून जाणारी मुले त्याला दिसत होती. मला आठवीत मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली होती. ती मुलींची म्हणून आधी तो नको म्हणाला, मग अण्णांनी काळा रंग आणून दिला.

भांडण मात्र लगेच करावे लागले. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणहिस्सा पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया, असे कायदा सांगतो. आठवीपर्यंतच्या वर्गांना ती लागू असल्याने अण्णाही तिच्यात बसू शकत होते. जुलैत पालकांची सभा झाली तेव्हा त्यांचे नाव आले. सभेत ते एकच वाक्य बोलले, "गणिताच्या मास्तरचं काय झालं, ते लिहून घ्या." मुख्याध्यापकांनी ते इतिवृत्तात लिहिले. मी अर्ज तयार केला, एकोणीस पालकांच्या सह्या आणि सहा अंगठे घेतले, आणि अण्णांनी तो पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे नेऊन दिला. पोचपावती घ्यायला मी बजावले होते. ती अजून त्यांच्या पाकिटात आहे, आधारकार्डाच्या मागे.

जागा अजून भरलेली नाही. परंतु श्रावणात शेजारच्या गावच्या शाळेतले एक सर आठवड्यातून तीन दिवस येऊ लागले: सोमवार, बुधवार, शुक्रवार. उरलेल्या दिवशी संध्याकाळी धाकट्याचा मायच्या फोनवरून मला फोन येतो. बालभारतीचे आठवीचे इंग्रजी गणित संकेतस्थळावरून मी उतरवून घेतले आहे आणि शेजारी शब्दकोश ठेवून बसते. परवा त्याने मला अवयव पाडण्याचे एक गणित विचारले. मला शब्द अडला, त्याला रीत अडली. पाऊण तास लागला.